फीच्या खिडकीतून खर्चाच्या खोलीत

नोकरीत असताना काही काळ मी कॉलेजातल्या मुलांना पैसे कसे जपून वापरावेत ते शिकवत होते, असं मी कुणाला सांगितलं की ऐकणारा आधी माझ्या नवऱ्याकडे बघतो. श्रीकांत अशा वेळी चष्मा पुसायला घेतो. महिन्याच्या वीस तारखेनंतर माझ्या पर्समध्ये शंभराची नोट त्याने कधी पाहिलेली नाही. सेलची पाटी दिसली की माझे पाय आपोआप तिकडे वळतात. दिल्लीत मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत समोरच्या मिसेस भल्लांच्या कपाटातला एक खण कायमचा माझा होता. नवी साडी आधी तिथे मुक्कामाला जायची आणि दोन-तीन महिन्यांनी "अरे, ही तर जुनीच" अशी ओळख घेऊन आमच्या घरात यायची.

अशा बाईला एका युनिव्हर्सिटीने खर्चाची सल्लागार नेमलं होतं. ते कसं झालं, ते आधी सांगते.

ग्रेटर नोएडात तेव्हा शेतं जाऊन रस्ते आले होते, पण रस्त्यांवरून जायला माणसं आली नव्हती. सहा पदरी रस्ता, त्यावर दोन म्हशी आणि आमची स्टाफ बस. मधेमधे एकेक खाजगी युनिव्हर्सिटी उगवलेली, काचेची आणि दारात कारंजं असलेली. आमचीही तशीच. मेट्रो अजून यायची होती, त्यामुळे सकाळी साडेसातला मयूर विहारहून बस पकडायची आणि तासाभराने त्या कारंज्यापाशी उतरायचं. मी फीच्या खिडकीवर होते. ते काम बाहेरच्याला फार सोपं वाटतं आणि ते सोपंच होतं. ड्राफ्ट घ्यायचा, नाव, रक्कम आणि तारीख तपासायची, पावती द्यायची. तारीख उलटली असली तर लेट फीचा शिक्का मारायचा. हा शिक्का मी फार मन लावून मारायची. मुलं मला 'लेट फी मॅडम' म्हणतात हे कळलं तेव्हा मला चक्क बरं वाटलं होतं.

एकदा आमचे डायरेक्टर परदेशात जाऊन आले. तिकडच्या युनिव्हर्सिट्यांत म्हणे मुलांना पैशांचं मार्गदर्शन करायला वेगळा माणूस असतो. आपल्या माहितीपत्रकातही तसं छापायचं त्यांच्या मनाने घेतलं. माणूस शोधायला ते लांब गेले नाहीत. मला बोलावून म्हणाले, "मिसेस सामंत, आप तो पैसे के डिपार्टमेंट में हैं. और महाराष्ट्रियन लोग बडे कंजूस... मतलब, सिस्टिमॅटिक होते हैं."

पगार तेवढाच राहिला. दुपारी दोननंतर खिडकी बंद करायची आणि मग झेरॉक्सच्या खोलीत बसायचं, असं ठरलं. झेरॉक्सचं मशीन बाहेर व्हरांड्यात ढकललं, खोलीत एक टेबल आणि दोन खुर्च्या आल्या. घरी सांगितलं तेव्हा श्रीकांतने चष्मा दोनदा पुसला.

पहिले पंधरा दिवस कुणी आलं नाही. मग मुलं यायला लागली, कारण खोलीला एसी होता. पण बसल्या बसल्या बोलायचीही. तेव्हा एटीएम कार्ड ही नवलाईची गोष्ट होती. पूर्वी घरून मनीऑर्डर यायची, पोस्टमन नोटा मोजून हातात द्यायचा, नोटा संपताना दिसायच्या. आता भिंतीतलं मशीन कधीही पैसे देई, त्यामुळे ते आपल्यावर खूश आहे असा मुलांचा समज होता. एक तारखेला वडिलांनी टाकलेले पैसे दहा तारखेपर्यंत मोबाइलच्या रिचार्जमध्ये, पिझ्झामध्ये आणि कुणाकुणाच्या वाढदिवसांत जात. मॉल नुकते उघडले होते आणि तिथे नुसतं फिरायला पैसे पडत नाहीत असं मुलांना मनापासून वाटायचं. मलाही वाटायचं.

मी त्यांना एक पद्धत सांगायची. महिनाभर एक वही ठेवा. प्रत्येक खर्च लिहा आणि त्याच्यापुढे 'ज' किंवा 'श' लिहा. ज म्हणजे जरूरत, श म्हणजे शौक. "ज्याच्याशिवाय महिना निघतो तो शौक," असं मी ठणकावून सांगायची. महिनाअखेर दोन्हींच्या बेरजा घेऊन यायचं. मी तळाची ओळ बघणार आणि 'श' कमी असला तर शाबासकी देणार. भिंतीवर मी मोठ्या अक्षरांत 'जरूरत या शौक?' असं लिहूनही घेतलं होतं.

त्याच महिन्यात एका रविवारी नोएडाच्या अठरा सेक्टरमधल्या मॉलमध्ये मी चार पिशव्या घेऊन सरकत्या जिन्याने खाली येत होते. समोरच्या जिन्याने माझीच पाच-सहा मुलं वर चालली होती. जिना थांबवता येत नाही. अगदी शेजारून जाताना सगळ्यांनी एका सुरात विचारलं, "मॅडम, जरूरत या शौक?"

त्यांत सगळ्यात मोठा आवाज सचिन भाटीचा होता. सचिन तिथलाच, शेजारच्या गावचा. त्यांची जमीन वस्तीसाठी संपादनात गेली होती आणि वडिलांना भरपाईचा भलामोठा चेक मिळाला होता. घरी दोन गाड्या, दारात एक लाल मोटारसायकल आणि सचिनच्या खिशात कायम पाचशेच्या नोटा. वर्गातल्या कुणाचाही वाढदिवस असो, केक सचिनचा. त्याला माझ्याकडे त्याच्या आईने पाठवलं होतं. ती एकदा पदर डोक्यावर घेऊन खिडकीशी आली होती आणि म्हणाली होती, "मॅडमजी, घर में किसी को पता नहीं पैसा खतम भी होवे है. छोरे को बता दो." मी सचिनला वही दिली. महिन्याने ती त्याने कोरी परत आणली आणि म्हणाला, "मॅडम, सारा शौक ही था. तो लिखा नहीं."

रुबीना अत्तारचं अगदी उलट होतं. ती दुसऱ्या वर्षाला होती, बार्शीची. दारावरच्या पाटीवर 'सामंत' वाचून आत आली आणि मराठीत म्हणाली, "मॅडम, पैशाची काही अडचण नाही. मराठी बोलायला मिळेल म्हणून आले." माझ्या स्वतःच्या मुली दिल्लीत वाढलेल्या. त्या 'लिंबू निचोडून दे' असं मराठी बोलतात. त्यामुळे रुबीनाचं "नाही ओ मॅडम" ऐकून माझा जीव हरखून जायचा. वडिलांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. बार्शीतल्या निम्म्या कारकुनांची बोटं त्यांच्या हाताखाली तयार झाली, असं ती अभिमानाने सांगायची. आपण कॉम्प्युटर शिकलो की अब्बांची मशिनं बदलून तिथे कॉम्प्युटर क्लास काढायचा, असा तिचा बेत होता.

तिची वही म्हणजे माझ्या नोकरीतलं एकमेव यश होतं. रेघा पट्टीने ओढलेल्या, अक्षर टाइप केल्यासारखं. दर महिन्याला खर्च उतरता. ऑगस्टपेक्षा सप्टेंबरात कमी, त्याहून ऑक्टोबरात कमी. मी तळाची ओळ बघून वेडी व्हायची. नवीन वर्षात युनिव्हर्सिटीचा वार्षिक कार्यक्रम झाला तेव्हा मी डायरेक्टरना गळ घालून तिला स्टेजवर बोलावलं आणि सगळ्यांसमोर तिची वही उंच धरली. म्हटलं, "ही मुलगी बघा. महिन्याचा खर्च निम्म्यावर आणला हिने!" टाळ्या पडल्या. रुबीना खाली बघत उभी होती. मला वाटलं, लाजते आहे. अंगावरचा स्वेटर तिला दोन मापांनी मोठा होत होता तेही मला दिसलं. हल्ली अशीच फॅशन आहे, असं मी स्वतःला सांगितलं. कपड्यांच्या बाबतीत मी स्वतःला तज्ज्ञ समजायची.

वही मी दोन दिवसांसाठी मागून घेतली आणि सचिनला शिक्षा म्हणून दिली. "अख्खी उतरवून काढ. म्हणजे वही कशी लिहितात ते कळेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो खोलीत आला आणि नेहमीसारखा खुर्चीत न बसता दाराशीच उभा राहिला.

"मॅडम, एक बात पूछूं? ये लडकी खाती क्या है?"

"म्हणजे?"

त्याने वही टेबलावर उघडून ठेवली. आमची होस्टेलची मेस अशी होती की महिन्याचे पैसे आगाऊ भरायचे आणि मिळालेलं कार्ड जेवणघराच्या दाराशी दाखवायचं. सचिनने बोट ठेवलं. ऑगस्टमध्ये 'मेस', पुढे 'ज'. सप्टेंबरात तसंच. ऑक्टोबरात 'मेस', आणि पुढचा 'ज' खोडून 'श' केलेला. नोव्हेंबरात मेसच नाही. डिसेंबरातही नाही. नुसते चणे, पाव आणि आठवड्यातून दोनदा केळं.

"मैंने तीन बार देखा," सचिन म्हणाला. "सोचा, पन्ना छूट गया होगा."

दर महिन्याला ती वही मी हातात घेत होते आणि दर महिन्याला फक्त तळाची ओळ वाचत होते. ज्या मुलाला वही म्हणजे काय ते शिकवायचं म्हणून मी शिक्षा केली होती, त्याने ती वरपासून खालपर्यंत वाचली होती.

मी रुबीनाला बोलावून घेतलं. सचिनला बाहेर जायला सांगितलं, तो व्हरांड्यात झेरॉक्स मशीनपाशी जाऊन उभा राहिला. रुबीना आली, वही उघडी बघितली आणि तिला कळलं.

"मेस कधी सोडलीस?"

"दिवाळीच्या सुट्टीनंतर."

"मग जेवतेस काय गं?"

"रूममेट तिच्या नाश्त्यातले दोन टोस्ट आणते. दुपारी चणे. रात्री पाव आणि घरची शेंगाची चटणी. वहीत सगळं आहे मॅडम, मी खोटं काही लिहिलं नाही."

"अगं पण जेवणापुढे 'श' कसं लिहिलंस तू?"

ती अगदी सरळ म्हणाली, "तुम्हीच सांगितलं होतं ना, ज्याच्याशिवाय महिना निघतो तो शौक. मी एक महिना काढून बघितला. निघाला."

आजवर अनेकांनी मला बरंच काही सुनावलं आहे. पण ती पोर मला सुनावत नव्हती. नियम पाळून दाखवत होती. भिंतीवरचं 'जरूरत या शौक?' तिच्या डोक्यावर बरोबर दिसत होतं. मी माझा डबा काढून तिच्यापुढे ठेवला. ती नको म्हणाली. मी म्हटलं, "रुबीना, मी तुझ्या पाया पडते, पण जेव." मग तिने खाल्लं. सावकाश, एकेक घास, जसं काही कुणी मोजतंय. कुणी म्हणजे मीच.

जेवता जेवता तिने सांगितलं. दिवाळीत ती घरी गेली तेव्हा इन्स्टिट्यूटच्या बारापैकी नऊ मशिनांवर कापड घातलेलं होतं. गावात तीन कॉम्प्युटर क्लास निघाले होते आणि टायपिंग शिकायला कुणी येत नव्हतं. अब्बा म्हणाले, "सुट्ट्या आहेत म्हणून." तिने तेच खरं धरल्यासारखं केलं. पण पैसे दर महिन्याला थोडे कमी येऊ लागले होते आणि फेब्रुवारीत पुढच्या सत्राची फी भरायची होती. फी भरली नाही तर परीक्षेला बसता येत नाही. म्हणून ती जेवणातून फी साठवत होती. स्वतःहून घरी मागायचं नाही असं तिने ठरवलं होतं. मागितलं तर अब्बा उरलेली मशिनं भंगारात घालतील, याची तिला खात्री होती.

आता मी जे सांगणार आहे ते आमच्या घरातही मी उशिरा सांगितलं. युनिव्हर्सिटीच्या नियमांत फी हप्त्यांनी भरायची सोय होती. मान्यता मिळवताना तो नियम घालावा लागला होता. त्याच्या छापील अर्जांचा गठ्ठा खिडकीपाशी माझ्याच ड्रॉवरमध्ये होता. आम्हाला तोंडी सूचना होती की कुणी मागितला तरच द्यायचा. आणि असा काही अर्ज असतो हेच ज्याला माहीत नाही तो मागणार कसा? सहा वर्षांत एकाने मागितला होता, त्याचे वडील वकील होते. मी त्या गठ्ठ्यावर रोज माझा डबा ठेवत होते. मुलांना चिप्स आणि रिचार्ज सोडा म्हणून उपदेश करत होते आणि खरं जे द्यायचं ते ड्रॉवरमध्ये ठेवून वर कुलूप लावत होते.

मी अर्ज आणला. त्यावर पालकाची सही लागत होती. रुबीना घाबरली. "अब्बांना कळलं की मला कळलंय, तर?"

"मी बोलते," मी म्हटलं.

ती गेल्यावर सचिन आत आला. त्याने बाहेरून किती ऐकलं होतं कोण जाणे. मराठी कळत नव्हतं तरी पुरेसं कळलं असावं. "मॅडम, मैं भर दूं फीस? पापा को पता भी नहीं चलेगा." खरं सांगते, मी क्षणभर मोहात पडले. मग म्हटलं, "वो नहीं लेगी, बेटा. और पापा को पता चलना चाहिए." तो म्हणाला, "हां, वो भी है," आणि पहिल्यांदाच मला विचारल्यासारखं विचारलं, "हमारा पैसा कब तक चलेगा, मॅडम?" त्या संध्याकाळी स्टाफ बस सोडून मी त्याच्याबरोबर ते गणित मांडलं. उत्तर फार लांबचं निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी मी बार्शीला फोन लावला. अत्तारसाहेबांचा आवाज शांत, मराठी एखाद्या अर्जासारखं स्वच्छ. मागे टाइपरायटरची टकटक चालू होती.

"क्लास चालू आहे वाटतं? नंतर करू का?" मी विचारलं.

"नाही, नाही, आपण बोला. सकाळची बॅच आहे. मुलं सराव करताहेत."

मी खोटं बोलायला लागले. साड्यांमुळे मला सराव होता. म्हटलं, युनिव्हर्सिटीने हुशार मुलांसाठी एक नवी योजना काढली आहे, फी चार हप्त्यांत घ्यायची. रुबीनाचं नाव निवडलं आहे. फक्त आपली सही हवी.

टकटक थांबली.

"मी एकरकमीच भरणार होतो," ते म्हणाले. "तशी तयारी होती. पण आपल्या संस्थेची योजनाच असेल तर तिचा मान ठेवला पाहिजे."

"हो ना," मी म्हटलं. "आम्हालाही हिशेबाला सोपं जातं."

"मग पाठवून द्या. सही करतो." आणि टकटक पुन्हा सुरू झाली.

हे मी रुबीनाला सांगितलं तेव्हा ती हसली आणि हसता हसता रडली. म्हणाली, "बॅच नसेल ओ मॅडम. फोन आला की अब्बा डाव्या हाताने शेजारच्या मशीनवर बडवत बसतात. पलीकडच्याला वाटावं, क्लास भरलाय."

अर्ज सही होऊन आला. रुबीनाने साठवलेल्या पैशांतून पहिला हप्ता भरला आणि उरलेल्यातून मेसचं कार्ड घेतलं. मी मेसच्या दाराशी उभी राहून ती आत गेलेली बघितली. मग मला एकदम शौर्य चढलं. हप्त्यांचा नियम मी मोठ्या कागदावर लिहून खोलीच्या दारावर चिकटवला. दोन दिवसांत व्हरांड्यात रांग लागली. जी मुलं माझ्याकडे एसीसाठी यायची ती नव्हती ही. ह्यांना मी कधी पाहिलंच नव्हतं. ती खर्च करतच नव्हती, मग सल्ला मागायला कशाला येतील?

तिसऱ्या दिवशी डायरेक्टरनी बोलावलं. "मिसेस सामंत, आपको बच्चों का खर्चा कम करवाना था. हमारी आमदनी नहीं."

कागद काढायला लावला. पण अर्जाच्या प्रती तोवर होस्टेलभर झाल्या होत्या, तेही दाराबाहेर ढकललेल्या आमच्याच झेरॉक्स मशीनवर. आता मागणारे होते, त्यामुळे द्यावे लागत होते. महिन्याभरात माझी खोली बंद झाली, मशीन परत आत गेलं आणि मी पूर्णवेळ खिडकीवर आले. माहितीपत्रकात माझा फोटो मात्र आणखी तीन वर्षं छापला जात होता.

सचिनने घरी भांडून शेवटचा प्लॉट विकू दिला नाही. त्यावर त्याने पुढे मुलांसाठी राहण्याच्या खोल्या बांधल्या आणि तो दोन महिन्यांचं डिपॉझिट आगाऊ घेतो. मी त्याला रागावले तर म्हणाला, "मॅडम, आपने ही तो सिखाया."

रुबीना पास झाली, तिला गुडगावला नोकरी लागली. पदवीदानाला तिचे अब्बा बार्शीहून आले. प्रवासाने चुरगळू नये म्हणून कोट त्यांनी अंगावर न घालता हातावर टाकून आणला होता, तो माझ्या खिडकीपाशी येऊन घातला आणि मग नमस्कार केला.

"सामंत मॅडम, आपले आभार मानायचे होते," ते म्हणाले. "स्टेजवर तिची वही दाखवलीत ती आपणच ना? तिच्या मैत्रिणीने पत्रात कळवलं होतं. मी ते पत्र इन्स्टिट्यूटमध्ये लावलं आहे. इतक्या लांब, एकट्या मुलीला काटकसरीचं वळण लावलंत. बापालाही हे जमलं नसतं."

मला सगळं सांगून टाकावंसं वाटलं. पण सांगायचं म्हणजे तिने काय सोसलं ते सांगायचं, आणि ते का सोसलं तेही. त्यांच्या खांद्यामागून रुबीना माझ्याकडे बघत होती. काळा गाऊन घातलेली, गाल भरलेले. ती मान हलवत नव्हती, डोळेही मोठे करत नव्हती, नुसती बघत होती.

मी ते आभार घेतले.

"मुळात पोरगीच हुशार आहे हो तुमची," मी म्हणाले. तेवढं एकच खरं वाक्य त्या वेळी माझ्याजवळ होतं.